साडेचारशे रुपयांचा रेसिंग गेम घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

अमळनेरहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणकाचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात एक आर्केड रेसिंग गेम (खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल न करता झटपट मजेसाठी केलेला) सवलतीत ४४९ रुपयांना मिळतो आहे. घरात नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुले आहेत. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड मात्र नाही. गेमखालच्या अभिप्रायांत निम्मे लोक ‘छोटा पण मस्त’ म्हणतात आणि निम्मे ‘आठ तासांत संपतो, पैसे वाया गेले’ असे लिहितात. तुम्ही स्वतः रोड रॅश आणि नीड फॉर स्पीड खेळत मोठे झालात, आणि तासाला ५६ रुपये पडतात असा हिशेब मांडून हा व्यवहार परवडेल का, असे विचारता. गेमचे नाव तुम्ही दिलेले नाही, त्यामुळे मी एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही. परंतु असा कोणताही गेम कसा पारखावा हे मात्र खात्रीने सांगता येते, कारण जळगावात माझे संगणक जुळणी-दुरुस्तीचे दुकान आणि त्याला लागून छोटे गेम पार्लर आहे, आणि कोणते गेम मुले महिनोन्‌महिने मागतात व कोणते दुसऱ्या दिवशी विसरतात हे मी रोज पाहतो.

सर्वप्रथम तो तासांचा हिशेब बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. कथेच्या गेमला तो काही अंशी लागू पडतो, कारण कथा संपली की गेम संपतो. आर्केड रेसिंगचा उगम मात्र नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांत आहे. सेगा या कंपनीचा आउट रन हा गेम १९८६ साली आला. त्यात एकूण १५ टप्पे होते, पण रस्ता दर टप्प्याअखेर दोन फाट्यांत विभागला जात असल्यामुळे एका फेरीत खेळणाऱ्याला त्यातले पाचच टप्पे दिसत, आणि पूर्ण फेरी काही मिनिटांतच आटोपत असे. तरीही लोक पुन्हा पुन्हा नाणी टाकत, कारण तेच वळण मागच्यापेक्षा चांगले घेता येईल असे त्यांना वाटे. आज ज्यांना आपण ‘बजेट’ रेसिंग गेम म्हणतो, ते बहुधा लहान चमूंनी केलेले, याच परंपरेतले गेम असतात. त्यांच्याकडे शंभर गाड्या आणि अख्खे शहर नसते आणि त्याबद्दल त्यांना दोष देणेही योग्य नाही. गेम छोटा असला तरी चालतो, पण त्यातली गाडी वळवण्यात मजा नसेल तर मात्र तो फुकटातही महाग आहे. म्हणून माझ्या मते तपासायची पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गाडीची हाताळणी, आणि तीसुद्धा तुमच्याच लॅपटॉपवर.

हाताळणी तपासण्यासाठी मी सरळ रस्त्याकडे लक्षच देत नाही. सरळ रस्त्यावर प्रत्येक गेम वेगवान वाटतो, कारण कॅमेरा थोडा मागे खेचला, कडेची झाडे धूसर केली आणि इंजिनाचा आवाज चढवला की काम भागते. खरी परीक्षा तीव्र वळणावर होते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारा मुरलेला चालक जसा वळण येण्याआधीच वेग आणि गिअर उतरवतो, वळणात गाडीला आपोआप फिरू देतो आणि वळण सुटता सुटता पुन्हा जोर देतो, तशी तीन स्पष्ट पावले चांगल्या आर्केड गेममध्येही हाताला जाणवली पाहिजेत. पहिले, ब्रेकला हलका स्पर्श केला किंवा क्षणभर वेग सोडला की गाडी घसरायला लागते का, आणि ती दर वेळी त्याच क्षणी घसरते का? दुसरे, घसरत असताना डावी-उजवी बटणे दाबून घसरण कमी-जास्त करता येते का, की एकदा घसरली की गाडी रुळावर बसवल्यासारखी ठरलेल्या वक्रानेच जाते? तिसरे, आणि इथेच स्वस्तातले बहुतेक गेम फसतात, बटण सोडल्यावर गाडीचे तोंड सरळ व्हायला किती वेळ लागतो? ते झटकन पण मऊपणे सरळ व्हायला हवे. तोंड एकदम झटका देऊन सरळ झाले तर गाडी पुठ्ठ्याची वाटते, आणि उशिरा झाले तर ती पुढच्या कठड्यावर आदळते. माझ्याकडे एक मुलगा असाच एक गेम पहिल्यांदा खेळताना दोन वळणांतच म्हणाला होता, “गाडी हातमा ऱ्हास नही भो,” म्हणजे गाडी हातात राहत नाही, भाऊ. त्या गेमबद्दल यापेक्षा नेमका अभिप्राय मला नंतर कुठे वाचायला मिळाला नाही.

याच पाहणीत कठड्यावर एकदा मुद्दाम आदळून पाहावे. कठड्याला घासत गेल्यावर गाडीचा थोडा वेग कमी होऊन ती पुढे सरकते, की जागच्या जागी थिजते? आणि उलटल्यावर पुन्हा रस्त्यावर यायला किती सेकंद लागतात? नऊ वर्षांचे मूल दर फेरीत अनेकदा आदळणार आहे, त्यामुळे हे सेकंद तुमच्या घरात फार महत्त्वाचे ठरतील. बर्नआउट ३ या रेसिंग गेमने २००४ साली आदळण्यालाच खेळाचा गाभा बनवले आणि ते लोकांना अतिशय आवडले; म्हणजे अपघात होणे हा दोष नाही, अपघातानंतर ताटकळत बसावे लागणे हा दोष आहे.

आता लॅपटॉपकडे वळू, कारण तुमच्या बाबतीत निम्मा निकाल तिथेच लागेल. रेसिंग गेममध्ये दर सेकंदाला किती चित्रे दिसतात याला इतर प्रकारांपेक्षा जास्त किंमत आहे. पडद्यावरची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. सेकंदाला ३० चित्रे असतील तर प्रत्येक दोन चित्रांमध्ये ती जवळजवळ पावणेदोन ते दोन मीटर पुढे सरकलेली असते. ६० चित्रे असतील तर हे अंतर मीटरभराच्या आत येते. शिवाय ३० चित्रांच्या वेळी प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि ६० च्या वेळी सुमारे १७, त्यामुळे बटण दाबणे आणि गाडी वळणे यांतले अंतरही वाढते. म्हणून चित्रांचा हा आकडा स्थिर ६० वर राहावा यासाठी चित्राचा दर्जा खुशाल कमी करावा. १०८० च्या रिझोल्यूशनमध्ये (म्हणजे चित्र किती बिंदूंनी काढायचे त्या सेटिंगमध्ये) सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात, तर ७२० मध्ये सुमारे ९.२ लाख, म्हणजे काम निम्म्याहून कमी होते. सावल्या, आरशासारखे चकाकणारे रस्ते आणि गतीचा धूसरपणा हे तीनही पर्याय आधी बंद करा. स्टीमच्या सेटिंगमध्ये चित्रांचा आकडा कोपऱ्यात दाखवण्याची सोय आहे. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच खेळून पाहा.

खान्देशात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला सुचणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कूलर नसलेल्या खोलीत पातळ लॅपटॉपला स्वतःला थंड ठेवणे अवघड होते. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करतो. परिणाम असा होतो की गेम पहिली दहा मिनिटे सुरेख चालतो आणि मग अडखळू लागतो, आणि घरचे लोक गेमला किंवा लॅपटॉपला ‘व्हायरस आला’ म्हणून दोष देतात. म्हणून गेम रात्री थंडाव्यात पाच मिनिटे चालवून निष्कर्ष काढू नका. भर दुपारी, चार्जर लावून, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवून सलग अर्धा तास चालवा. त्या अर्ध्या तासाच्या शेवटी जो आकडा कोपऱ्यात दिसेल, तोच तुमच्या लॅपटॉपचा खरा आकडा.

दुसरी कसोटी प्रतिस्पर्धी गाड्यांची आहे. अनेक गेममध्ये तुम्ही मागे पडलात की पुढच्या गाड्या हळू होतात आणि तुम्ही पुढे गेलात की मागच्यांना अवाजवी वेग मिळतो. याला रबर बँडिंग म्हणतात. हे ओळखण्याची सोपी रीत अशी: शर्यतीच्या मध्यावर गाडी मुद्दाम दहा सेकंद थांबवा आणि मग नेहमीसारखी चालवा. इतके करूनही तुम्ही आरामात पहिले आलात, तर पुढच्यांनी तुमची वाट पाहिली आहे. नंतरच्या शर्यतीत एकही चूक न करता चालवा. तरीही दुसऱ्या क्रमांकाची गाडी अखेरपर्यंत पाठीला चिकटूनच राहिली, तर तुमच्या कौशल्याला त्या गेममध्ये फारशी किंमत नाही. थोडेफार रबर बँडिंग मी वाईट मानत नाही. उलट नऊ आणि तेरा वर्षांची भावंडे एकमेकांविरुद्ध खेळत असतील आणि मागे पडलेल्याला मदत करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये चालू-बंद करता येत असेल, तर धाकट्याचे रडणे वाचते. तक्रार आहे ती लपवलेल्या आणि बंद न करता येणाऱ्या प्रकाराबद्दल.

भावंडांवरून तिसरा मुद्दा येतो, आणि तुमच्या प्रश्नात तो नुसता ओझरता आला आहे. मला मात्र तो पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच पडद्यावर दोघांना खेळता येते का, हे गेमच्या पानावर ‘स्प्लिट स्क्रीन’ किंवा ‘शेअर्ड’ या नोंदीत पाहा. २०१८ चा होरायझन चेस टर्बो आणि २०२० चा हॉटशॉट रेसिंग हे दोन्ही छोटे गेम चार जणांना एकाच पडद्यावर खेळू देतात, आणि असे गेम माझ्या पार्लरमध्ये त्यांच्या आकाराच्या मानाने खूपच जास्त टिकतात. ‘ऑनलाइन मल्टिप्लेअर’ या नोंदीला मात्र तुम्ही शून्य गुण द्या. कमी खपाच्या गेममध्ये, गेम बाजारात आल्यानंतर काही महिन्यांनी ऑनलाइन शर्यतीसाठी कोणी सापडत नाही, आणि मुलांनी अनोळखी लोकांशी खेळावे असे तुम्हालाही बहुधा वाटत नसेल.

पण स्प्लिट स्क्रीनच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे संगणकाला एकाच वेळी दोन दृश्ये रंगवावी लागतात, त्यामुळे एकट्याने खेळताना मिळणारा आकडा दोघांनी खेळताना घसरतो; चाचणी दोघांना बसवूनच करा. दुसरी अडचण कीबोर्डची. साध्या कीबोर्डमध्ये बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात, आणि तीन-चार बटणे एकदम दाबली की काही जुळण्यांमध्ये त्यांतले एखादे नोंदवलेच जात नाही. मग धाकटा ओरडतो की ‘मी दाबले होते’, आणि तो खरेच बोलत असतो. नोटपॅड उघडून दोन्ही मुले जी अक्षरे वापरणार ती चारही एकदम दाबून पाहा. चारही अक्षरे उमटली नाहीत तर एका मुलासाठी वायरचा साधा कंट्रोलर (दोन्ही हातांत धरून गेम खेळायचे साधन) घ्यावा लागेल, आणि त्याची किंमत गेमच्या किमतीत आधीच धरलेली बरी. कंट्रोलरचा आणखी एक फायदा असा की त्याच्या दांडीने थोडेसे किंवा पूर्ण असे हवे तितके वळता येते, तर कीबोर्डचे बटण एकतर दाबलेले असते किंवा नसते. चांगले गेम कीबोर्डसाठी वळण हळूहळू वाढवत नेतात, आळशी गेम तसे करत नाहीत.

गेमच्या पानावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. ‘३०हून अधिक ट्रॅक’ असे लिहिलेले असते तेव्हा चित्रांत वेगवेगळ्या जागा किती दिसतात ते मोजा. पुष्कळदा पाच-सहा जागाच उलट्या दिशेने, आरशातल्यासारख्या किंवा रात्रीच्या प्रकाशात पुन्हा दिलेल्या असतात. अभिप्राय वाचताना, प्रत्येकाच्या नावाजवळ त्याने किती तास खेळले ते दिलेले असते, त्याकडे पाहा. वीस मिनिटे खेळून चिडलेल्याचे आणि वीस मिनिटे खेळून हरखलेल्याचे, दोघांचेही मत मी सोडून देतो. पाच-सहा तास खेळून ज्याने नापसंती नोंदवली आहे त्याचे म्हणणे सावकाश वाचतो, कारण त्याला गेममध्ये काहीतरी आवडले होते आणि तरी तो थांबला. ‘आठ तासांत संपतो’ ही त्याची तक्रार असेल, तर ती तुम्हाला लागू नाही. ‘त्याच शर्यती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय नवी गाडी उघडत नाही’ ही तक्रार असेल, तर ती गंभीर आहे, कारण मुलांचा उत्साह तिथेच संपतो.

गेम विकत घेतला म्हणजे तो कायम राहील, असेही समजू नये. युबिसॉफ्ट या कंपनीचा २०१४ चा द क्रू हा गेम कंपनीच्या सर्व्हरशी (इंटरनेटवरच्या संगणकांशी) जोडल्याशिवाय चालतच नव्हता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो उघडता येईनासा झाला. फोर्झा होरायझन ४ हा नावाजलेला गेम १५ डिसेंबर २०२४ पासून विक्रीतून काढून घेण्यात आला, कारण त्यातल्या खऱ्या गाड्या आणि संगीत यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना तो खेळता येतो. इथे छोट्या गेमची बाजू बळकट आहे. त्यांतल्या गाड्या बहुधा काल्पनिक असतात, त्यामुळे परवान्याचा प्रश्न सहसा येत नाही. एवढेच तपासा की इंटरनेट बंद करून गेम सुरू होतो का. वीज गेली की वायफायही जाते, त्यामुळे आपल्याकडे ही चाचणी फार व्यवहारी आहे. त्याच ओघात प्रत्येक शर्यतीनंतर प्रगती आपोआप साठवली जाते का, हेही पाहून घ्या.

मोबाइलवर रेसिंग गेम फुकट मिळतात, मग पैसे का द्यावेत, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. अशा बहुतेक गेमची कमाई आतल्या खरेदीवर आणि जाहिरातींवर चालते, म्हणून वाट पाहायला लावणे हा त्यांच्या रचनेचाच भाग असतो. एकदाच पैसे देऊन घेतलेल्या गेमला मुलाला अडवून ठेवण्याचे तसे कारण उरत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही मी पालकांना छोटा विकतचा गेम सुचवतो. पण त्याआधी सुपरटक्सकार्ट नावाचा मुक्तस्रोत गेम लॅपटॉपवर टाका. तो पूर्ण विनामूल्य आहे, त्यात आतली खरेदी नाही आणि दोघांना एका पडद्यावर खेळता येते. त्यावर तुमची दुपारची चाचणी, कीबोर्डची चाचणी आणि मुलांच्या आवडीची चाचणी, तिन्ही एकाही रुपयाशिवाय होतील. मुले चार दिवसांत त्याला कंटाळली, तर कदाचित त्यांना रेसिंग गेम नकोच आहे आणि ती आवड तुमची आहे. त्यातही काही वावगे नाही. मग गेम स्वतःसाठी घ्या आणि तसे ठरवून घ्या.

त्यानंतर तो ४४९ रुपयांचा गेम घ्यायला माझी हरकत नाही, कारण स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. मात्र हे दोन तास जपून वापरा. गेम उघडा ठेवून मुले जेवायला गेली तरी घड्याळ चालूच राहते. म्हणून आधी पूर्ण डाउनलोड होऊ द्या, पहिली दहा मिनिटे सेटिंगला द्या, पुढचा अर्धा तास वळणे, कठडा आणि प्रतिस्पर्धी तपासायला द्या, मग दोन्ही मुलांना बसवा. सव्वा तासाच्या आसपास गेम बंद करून मुलांना काहीही न सांगता दुसऱ्या दिवसाची वाट पाहा. त्यांनी आपणहून तो मागितला तर ठेवून घ्या. नाही मागितला तर पैसे परत घ्या, जे मूळ मार्गाने किंवा स्टीमच्या वॉलेटमध्ये येतात. सवलत संपत आली आहे म्हणून घाई करण्याचे कारण नाही, कारण असे गेम वर्षातून अनेकदा सवलतीत येतात आणि विशलिस्टमध्ये ठेवला की तशी सूचना ईमेलवर मिळते.

राहिला तुमच्या रॅमचा प्रश्न. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप चित्रांसाठीही तीच रॅम वापरतो, आणि ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तिचा वेगच कमी पडतो. तशीच दुसरी पट्टी बसवल्यावर अशा लॅपटॉपवर गेमचा आकडा लक्षणीय वाढतो, चित्राचा दर्जा कमी करून मिळणाऱ्या फायद्याइतकाही कधी कधी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सखाली मेमरीवर टिचकी मारा. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर काय लिहिले आहे ते, प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि त्या गेमचे नाव एवढे कळवा. दोनपैकी एकच स्लॉट वापरात असेल, तर आधी पट्टी घ्यावी की कंट्रोलर, हे त्यावरून नेमके सांगता येईल.